स्टीफन किंग वाचायचा तर सुरुवात कुठून?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या पुरवणीत असो वा आणखी कुठे, भयकादंबऱ्यांची यादी छापून आली की अमेरिकन लेखक स्टीफन किंगच्या नावापुढे हमखास 'इट' आणि 'द स्टँड' असतात. दोन्ही कादंबऱ्या थोर आहेत, पण सुरुवातीला वाचायच्या नव्हेत. 'इट'ची १९८६ची मूळ आवृत्ती ११३८ पानांची आहे. सात जणांची गोष्ट १९५८ आणि १९८५ अशा दोन काळांत मागेपुढे फिरत राहते. नवा वाचक दोनशे पानांवर दमतो आणि 'हा लेखक आपल्यासाठी नाही' म्हणून पुस्तक मिटतो. साठाहून जास्त कादंबऱ्या लिहिलेल्या माणसाशी असलेली ओळख अशी पहिल्याच भेटीत तुटावी, याचे फार वाईट वाटते.

दुसरा सल्ला हमखास मिळतो तो पहिल्या पुस्तकापासून क्रमाने वाचत जाण्याचा. 'कॅरी' (१९७४) मूळ आवृत्तीत जेमतेम दोनशे पानांची आहे, तिथपर्यंत ठीक. पण या क्रमाने गेले की पाच-सहा पुस्तकांतच 'द स्टँड' आडवे येते. शिवाय रिचर्ड बाखमन या टोपणनावाने लिहिलेली 'रेज' (१९७७) किंगने स्वतःच बाजारातून काढून घेतली आहे. शाळेतल्या गोळीबारांशी तिचे नाव जोडले गेल्यावर त्याने ती पुन्हा छापू दिली नाही. म्हणजे क्रमाने वाचण्याचा हट्ट तिथेच अडतो.

किंगची खरी अडचण भीतीची नाही, वेगाची आहे. तो आधी गाव वसवतो आणि मग त्यात भूत सोडतो. 'सेलम्स लॉट'मध्ये (१९७५) एक अख्खे प्रकरण घड्याळाच्या काट्याबरोबर चालते. पहाटे चारला गोठ्यात धारा काढणाऱ्या दोन भावांपासून ते सुरू होते आणि एकेका घरात डोकावत रात्रीपर्यंत जाते. घाईत असलेल्याला ते रटाळ वाटेल. पण पुढे याच घरांचे दिवे एकेक करून विझतात तेव्हा आपल्याला प्रत्येक घर ओळखीचे झालेले असते. ही सवय लागायला आधी लहान पल्ल्याचे काहीतरी वाचलेले बरे. (नारायण धारपांची 'लुचाई' ज्यांनी वाचली आहे त्यांना 'सेलम्स लॉट'चा सांगाडा माहीत आहे. त्यांनी ती थोडी मागे ठेवावी.)

म्हणून पहिले पुस्तक 'मिझरी' (१९८७). पात्रे मुख्यतः दोन, जागा बहुतेक एकच खोली आणि भूत नाहीच. अपघातात पाय मोडलेला लेखक, त्याला डांबून ठेवणारी त्याचीच चाहती, आणि तिने आणून दिलेला जुना टाइपरायटर, ज्याची 'एन' ही कळ तुटलेली आहे. तो टंकतो त्या मजकुरात 'एन'च्या जागा रिकाम्या राहतात, त्या हाताने भराव्या लागतात, आणि पुस्तकाच्या पानांवर ते तसेच दिसते. पुढे आणखी अक्षरे गळत जातात. त्या माणसाची अवस्था किती बिघडली आहे, हे नुसते पान पाहून कळते. भाषाही सोपी आहे, हे इंग्रजीत वाचणाऱ्या मराठी वाचकाला महत्त्वाचे. 'डोलोरेस क्लेबॉर्न'ही (१९९२) तितकीच ताकदीची, पण ती मेन राज्यातल्या बोलीत, प्रकरणे न पाडता, एका बाईच्या तोंडून सलग येते. ती चार-पाच पुस्तकांनंतर घ्यावी.

कादंबरी नको असेल तर 'नाइट शिफ्ट' (१९७८). यात वीस कथा आहेत. मात्र पहिल्या कथेपासून सुरू करू नये. ती जुन्या वळणाच्या पत्रांमधून सांगितलेली आणि संथ आहे, आणि नवा वाचक तिथेच गळतो. आधी 'द बूगीमन' वाचावी, मग 'क्विटर्स, इन्कॉर्पोरेटेड', मग 'द लास्ट रंग ऑन द लॅडर'. शेवटचीत भयाचा लवलेश नाही, तरी ती मनातून जात नाही. 'वन फॉर द रोड' ही कथा 'सेलम्स लॉट'नंतर घडते, म्हणून ती कादंबरी होईपर्यंत राखून ठेवावी.

भयकथेचे वावडे असलेल्यांनी 'डिफरंट सीझन्स' (१९८२) घ्यावे. त्यात चार दीर्घकथा आहेत. 'द शॉशँक रिडेम्प्शन' (१९९४) हा चित्रपट त्यांतल्याच एकीवरचा.

तिसरे-चौथे पुस्तक म्हणून 'द शायनिंग' (१९७७). चित्रपट पाहिला असला तरी वाचावे, कारण शेवट वेगळा आहे. पुढचा भाग 'डॉक्टर स्लीप' (२०१३) पुस्तकाच्या शेवटाला धरून चालतो, चित्रपटाच्या नव्हे. इथे एक सूचना : वाक्य अर्ध्यात तुटते, पुढच्या ओळीत कंसात काही शब्द येतात आणि मग वाक्य पुढे सुरू होते. ही छपाईची चूक समजू नये. पात्राच्या डोक्यात त्या क्षणी घुसलेला विचार किंग असा दाखवतो.

'पेट सेमेटरी' (१९८३) ही त्याची सर्वांत निर्दय कादंबरी. घरात लहान मूल असेल तर निदान सुरुवात तिच्यापासून करू नये. बारा-चौदा वर्षांच्या मुलांसाठी 'द आइज ऑफ द ड्रॅगन' आहे, ती किंगने आपल्या मुलीसाठी लिहिली. 'इट' मात्र त्या वयाच्या हातात देऊ नये. नायक मुले असली तरी पुस्तक मुलांचे नाही.

क्रम पाळावाच लागतो तो काही ठिकाणीच, पण तिथे चुकले तर रहस्य फुटते. 'कूजो'च्या (१९८१) पहिल्याच पानांत 'द डेड झोन'मधला (१९७९) खुनी कोण ते नावानिशी सांगितले आहे, म्हणून 'द डेड झोन' आधी. 'द डार्क हाफ' झाल्यावर 'नीडफुल थिंग्ज'. हॉली गिबनी हे पात्र असलेली पुस्तके 'मिस्टर मर्सिडीज', 'फाइंडर्स कीपर्स', 'एंड ऑफ वॉच', 'द आउटसायडर', 'इफ इट ब्लीड्स', 'हॉली', 'नेव्हर फ्लिंच' याच ओळीने. 'द आउटसायडर' (२०१८) सुटे पुस्तक म्हणून सर्रास विकले जाते, आणि ते आधी वाचणाऱ्याला मागच्या तिन्हींचा शेवट आपसूक कळतो.

'द डार्क टॉवर' ही मालिका दहाएक पुस्तके झाल्याशिवाय उघडू नये. पाचव्या खंडात 'सेलम्स लॉट'मधले फादर कॅलहन परत येतात. त्यांची आधीची कहाणी माहीत नसेल तर त्या प्रसंगाचे वजनच कळत नाही. पहिला खंड 'द गनस्लिंगर' कोरडा वाटून अनेक जण सोडतात. दुसऱ्याची पन्नास पाने वाचल्याशिवाय निर्णय घेऊ नये. २०१२चा 'द विंड थ्रू द कीहोल' चौथ्या आणि पाचव्या खंडांच्या मधला आहे, पण पहिल्या वाचनात तो शेवटी घेतला तरी बिघडत नाही.

आणि 'द स्टँड' विकत घेताना आवृत्ती पाहावी. १९७८ची ८२३ पानांची, तर १९९०ची अखंड आवृत्ती ११५२ पानांची. पहिल्या वेळी प्रकाशकाने किंमत आटोक्यात राहावी म्हणून मजकूर कापायला लावला होता. जुन्या पुस्तकांत कापलेली प्रतही सापडते. ती टाकाऊ नाही, उलट नवख्याला तीच सोयीची. फक्त आपण कोणती वाचतो आहोत हे माहीत असावे.

आपल्या पुरवणीत अशी यादी पुन्हा छापाल तेव्हा प्रत्येक नावापुढे पानांची संख्या आणि 'याआधी अमुक वाचा' एवढी एक ओळ द्यावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक