आधी माप घेणाऱ्या मुलीला

प्रिय बाळ,

तुझं नाव इथे लिहीत नाही. "काकू, माझं नाव कुठे टाकू नका" असं तू जाताना बजावून गेली आहेस. पण आभार मात्र चारचौघांत मानायचे आहेत. आपल्या सांगलीत घरोघरी मुलं-नातवंडं सुट्टीला येतात, म्हाताऱ्या आईवडिलांच्या हातात नवा फोन देतात, त्यात पावलं मोजायचं ॲप टाकून देतात आणि आपापल्या नोकरीच्या गावी निघून जातात. त्यांचा हेतू चांगलाच असतो. पण त्यापुढचं काम शिल्लक राहतं. आमच्या गल्लीत ते तू केलंस. ते नेमकं काय होतं, हे इतरांनाही कळावं म्हणून हे पत्र उघड लिहिते आहे.

तू शेजारच्या वाड्यात खोली घेऊन राहायला आलीस तेव्हा तुझा फिजिओथेरपीचा अभ्यास चालू होता. ह्यांची सगळी नोकरी मार्केट यार्डात, हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी म्हणून गादीवर बसून झालेली. माझं आयुष्य शिवणयंत्रावर गेलं. उतारवयात ह्यांना साखर लागली आणि मला गुडघे. डॉक्टर दर खेपेला "चालत जा" म्हणायचे. किती, कसं, कुठवर, हे विचारेपर्यंत पुढच्या पेशंटचा पुकारा व्हायचा. मुलानं बंगळूरहून फोन पाठवला, त्यात रोज दहा हजार पावलांचं लक्ष्य आधीच लावून दिलेलं. संध्याकाळी फोन उघडावा तर लक्ष्य किती झालं ते दाखवणारं गोल कडं पावसुद्धा भरलेलं नसायचं. हे थोडे दिवस बघत राहिले. मग एकदा म्हणाले, "ह्या वयात रोज नापास व्हायचं कशाला?" आणि फोन कपाटावर गेला.

तू तो खाली काढलास आणि पहिलं काय विचारलंस? "काका, आत्ता तुम्ही दिवसाला किती चालता?" ते कुणालाच ठाऊक नव्हतं. तू म्हणालीस, एक आठवडा काही वाढवायचं नाही, जसं रोज चालतं तसंच चालू दे, फक्त फोन अंगावर ठेवा. आधी माप घेऊ, मग बघू. बाळ, माप घेतल्याशिवाय कापडाला कात्री लावायची नाही, हे मी मुलींना शिवणाच्या क्लासात वर्षानुवर्षं सांगत आले. तू माझ्या समोर टेप काढलीस आणि त्याच घडीला तुझ्यावर माझा भरवसा बसला.

पण फोन अंगावर ठेवायचा कुठे? ह्यांच्या सदऱ्याला खिसा आहे. लुगडं-पातळ नेसणाऱ्या बाईला खिसा कुठला? माझा फोन कधी ओट्यावर, कधी देवघराशी, कधी मशीनच्या फळीवर. मी दिवसभर घरात खालीवर करते, पाणी भरते, गच्चीवर वाळवण घालते, भाजीला जाते, आणि फोनच्या लेखी मी बसलेलीच. तू समजावून सांगितलंस की फोनच्या पोटात हालचाल ओळखणारा इवलासा सेन्सर असतो. आपल्या अंगाबरोबर तो हलला तरच पाऊल धरतो, फोन ओट्यावर पडून असेल तर त्याला काय कळणार? ॲप बनवणाऱ्यांच्या डोक्यात पँट घालणारा माणूस असतो, साडीतली बाई नसते, असं माझं मत तेव्हापासून पक्कं झालं आहे.

मग मी परकराला चोरखिसा शिवला. नेफ्याच्या खाली, उजव्या अंगाला, जाड पॉपलीनचं दुहेरी कापड. खोली फोनपेक्षा दोन बोटं जास्त, म्हणजे वाकून केर काढला तरी फोन बाहेर घसरत नाही. वर टिचबटण, काजं-बटणाची कटकट नको. तू कमरेच्या हाडाजवळची जागा बोटानं दाखवलीस, कारण मांडीवर लोंबता ठेवला तर तो उगाच हेलकावे खातो. त्या आठवड्यात एक पाऊल जास्त न चालता माझा आकडा दुपटीच्या वर गेला. तो खरा आकडा होता. मी समजत होते त्याच्यापेक्षा मी बरीच बरी होते! हे कळल्यावर अंगात जे बळ आलं ते कुठल्या टॉनिकनं आलं नसतं. पुढे भजनी मंडळातल्या सगळ्यांचे परकर माझ्याकडे आले आणि कितीतरी दिवसांनी मशीनवर पुन्हा रात्रीचा दिवा लागला.

ह्यांचं प्रकरण निराळं होतं. हे काठी घेऊन, पाय थोडे घासत, सावकाश चालतात. तू वाड्याच्या बोळातून ह्यांच्याबरोबर चालत शंभर पावलं मोठ्यानं मोजलीस आणि मग फोन पाहिला. त्यानं त्यातली बरीचशी गाळून टाकली होती. हळू चालणाऱ्यांची, काठी किंवा वॉकर घेऊन चालणाऱ्यांची पावलं फोन कमी मोजतो, हे तू आम्हाला तिथल्या तिथे दाखवून दिलंस. "काका, तुम्ही चाललात ते खरं आहे, फोनला ते दिसलं नाही. तुमची आपण मिनिटं मोजू," असं म्हणालीस. मला तुझे सगळ्यात जास्त आभार मानायचे आहेत ते ह्या वाक्यासाठी. दिवाणजी माणूस, आयुष्यभर रोजकीर्द चोख ठेवलेली. त्यांच्या नावावर कमी जमा पडते आहे हे त्यांना आतून खात होतं. त्या दिवसापासून ते घड्याळ लावून चालतात आणि मिनिटं वहीत लिहितात. ॲप आपलं बाजूला चालू असतं.

दहा हजारांचं भूतही तूच उतरवलंस. हा आकडा कुठल्या डॉक्टरांच्या सभेत ठरलेला नाही. १९६५ साली जपानमध्ये एका कंपनीनं पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं, त्याच्या नावातच दहा हजार पावलं होती, आणि तिथून तो आकडा जगभर पसरला. उलट अमेरिकेत सोळा हजारांवर वयस्क बायकांच्या, सरासरी वय ७२, कमरेला यंत्र लावून केलेला अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात दिवसाला २,७०० च्या आसपास पावलं चालणाऱ्या बायकांपेक्षा ४,४०० च्या आसपास चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं, आणि ७,५०० च्या पुढे आणखी फायदा वाढताना दिसला नाही. हे सांगून तू लगेच जोडलंस, "काकू, जी आधीच धडधाकट असते ती जास्त चालणारच, तेव्हा सगळं श्रेय पावलांना देऊ नका." हा प्रामाणिकपणा मला फार भावला. औषध विकणाऱ्यासारखं तू कधी बोलली नाहीस.

फोनमधले बदल तू आमच्या हातांनी करून घेतलेस, स्वतः पटापट करून मोकळी झाली नाहीस. अक्षरं मोठी केली, भाषा मराठी केली. ॲपनं मागितलेली लोकेशनची आणि संपर्कांची परवानगी नाकारायला शिकवलंस. पावलं मोजायला त्याला आमची फोन डायरी कशाला हवी? दिवसभर टिंग टिंग करणाऱ्या सूचना बंद केल्या आणि एकच ठेवली, संध्याकाळच्या दिवेलागणीच्या आधीची. लक्ष्य आमच्याच मापापासून सुरू केलं आणि पुढे पाचशे-पाचशेनं चढवलं, तेही आठवडा नीट जमला तरच. नाही जमला तर तिथेच थांबायचं, मागे आलं तरी हरकत नाही.

भजनी मंडळात मात्र भानगड झाली. सगळ्या जणी व्हॉट्सॲपवर आकडे टाकायला लागल्या आणि चढाओढ सुरू झाली. एकीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, ती रोज सगळ्यात खाली. एक दिवस ती गटातून निघूनच गेली. तू आम्हाला काही बोलली नाहीस, फक्त सुचवलंस की आकडे वेगवेगळे टाकण्यापेक्षा सगळ्यांची बेरीज करा. आषाढी तोंडावर आली होती. सांगलीहून पंढरपूर साधारण १३०-१३५ किलोमीटर. तेवढं सगळ्यांनी मिळून चालायचं ठरलं.

पण पावलांचे किलोमीटर कसे करायचे? ॲप आपल्या अंदाजानं पाऊल धरतं. माझ्या घरात टेपा काही कमी नाहीत. गच्चीवर खडूनं रेघ मारली, एकेकीला दहा पावलं चालायला लावलं, अंतर मोजलं आणि दहांनी भागलं. माझं पाऊल जेमतेम पन्नास सेंटिमीटर निघालं, म्हणजे माझ्या दोन हजार पावलांचा एक किलोमीटर. ॲप मला त्याहून किती तरी पुढे नेऊन ठेवत होतं. खऱ्या मापानं रोजची बेरीज कॅलेंडरच्या मागच्या बाजूला मांडायला लागलो. मिरज गेलं, कवठेमहांकाळ गेलं, सांगोला आलं. निघून गेलेली मैत्रीण तिसऱ्याच दिवशी परतली, कारण आता तिच्या पावलांवाचूनही बेरीज अडत होती. विठ्ठलाच्या दाराशी पोचलो त्या संध्याकाळी बेरजेचा शेवटचा आकडा तिनंच लिहिला.

एक गोष्ट तू घोकून घेतलीस: फोन पावलं मोजतो, तोल मोजत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचं सांगणं आहे की आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम गतीनं हालचाल करावी, आणि ६५ च्या पुढच्या माणसांनी त्याशिवाय आठवड्यातून तीन दिवस तोल आणि ताकद वाढवणारे व्यायाम करावेत. म्हातारपणी माणूस पडतो ते पाय बळकट नसले की आणि तोल सावरता आला नाही की. हे ॲपच्या गोल कड्यात कुठेच दिसत नाही. म्हणून तू चहाच्या वेळेला बांधून दिलंस. आधण ठेवलं की ओट्याला दोन्ही हात धरून टाचा वर, टाचा खाली. मग एक पाऊल दुसऱ्याच्या अगदी पुढे ठेवत ओट्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. चहा उकळेस्तोवर झालं काम. आणि खुर्चीचा व्यायाम: हात छातीवर दुमडायचे, खुर्ची भिंतीला टेकवलेली, अर्ध्या मिनिटात किती वेळा उठता-बसता येतं ते मोजायचं. पहिल्या दिवशी मला हात टेकल्याशिवाय उठताच येईना. आता उठता येतं. देवळात पंगतीला बसल्यावर कुणी हात द्यायला येईपर्यंत मी उभी असते.

मध्यम गती म्हणजे किती? त्याचं तू दिलेलं माप सगळ्यात सोपं होतं. चालताना बोलता यावं, पण गाता येऊ नये. हरिपूरच्या रस्त्यावर झाडांच्या सावलीतून जाताना आमच्यातली एक जण हटकून अभंग सुरू करते. पूर्ण अभंग म्हणता आला की बाकीच्या म्हणतात, चला, पाय उचला.

आपल्या गावाचं हवामानही तू ध्यानात घेतलंस. एप्रिल-मेमध्ये सात वाजायच्या आत परत यायचं. पावसाळ्यात कृष्णा चढली की घाटाकडे फिरकायचं नाही, पायऱ्यांवर शेवाळ असतं. तेव्हा वाड्याच्या सोप्यातच फेऱ्या, फोनला सगळी जमीन सारखीच. ह्यांना साखर असल्यामुळे अनवाणी चालायचं नाही, रोज रात्री तळपाय बघायचे, साखर एकदम उतरली तर म्हणून खिशात दोन खडीसाखरेचे खडे ठेवायचे. छातीत भरून आलं, चक्कर आली तर लक्ष्य गेलं खड्ड्यात, तिथेच बसायचं आणि डॉक्टरला फोन करायचा. हे तू इतक्यांदा म्हटलंस की आता हेच ते दुसऱ्यांना ऐकवतात.

जाताना एक इशाराही देऊन गेलीस. ॲपचा उत्साह पहिले दोन-तीन महिने टिकतो, मग ओसरतो, बहुतेक ठिकाणी हेच दिसतं. तसं आमचंही झालं. फोन बघायचा कंटाळा आला. पण तोवर सकाळी दाराशी हाक मारायला कुणी ना कुणी येऊ लागलं होतं. हाक आली की जावंच लागतं. तीन-चार जणी आता ॲप उघडतच नाहीत, तरी चालतात. मला मात्र आकडा लिहायला आवडतो.

जी मुलं लांबून हे वाचत असतील त्यांना माझी एवढीच विनंती आहे. पुढच्या सुट्टीला आलात की ॲप टाकून लगेच उठू नका. आठवडाभराचे आकडे आईवडिलांशेजारी बसून बघा, त्यांच्या पावलाचं माप घ्या, लक्ष्य त्यांना विचारून लावा. आणि आई साडी नेसत असेल तर आधी खिशाचं बघा.

बाळ, पुण्यात तुझ्याकडे येणाऱ्या आज्यांसाठी मी चोरखिशांची कापडं कापून ठेवली आहेत, लहान-मोठ्या दोन्ही फोनांच्या मापाची, टिचबटणं लावून. परकराला तीन बाजूंनी टीप मारली की झालं. कुणाच्या हाती पाठवू ते कळव. ह्यांनी वहीची पहिली पानं तुला दाखवायला फोटो काढून ठेवलेत, तेही ह्या आठवड्यात पाठवतील.

तुझी,
गावभागातली काकू