नव्या सभासदांना ‘झटपट कमाई’च्या लिंक पाठवणे बंद

सर्व सभासद भगिनींनो, नमस्कार.

गटात नुकत्याच आलेल्या काही जणींना ‘व्हिडिओ लाइक करा, रोज हजार कमवा’ छापाचे मेसेज खासगीत गेलेत, आणि पाठवणाऱ्या आपल्यातल्याच आहेत. हे आजपासून बंद. नवीन बाई लोणच्या-पापडाला गिऱ्हाईक मिळेल म्हणून येते. ताई सांगते म्हणजे खरंच असणार, असं धरून चालते. त्याच विश्वासावर तुमचं कमिशन निघतं.

आधी शंभर-दोनशे रुपये खरंच खात्यात येतात. मग ‘प्रीपेड टास्क’साठी हजार, पाच हजार, पन्नास हजार भरायला लावतात. काढायला गेलं की ‘आधी टॅक्स भरा’! त्यामुळे ‘मला तर मिळाले’ हा पुरावा नव्हे. दादरच्या टोरेस ज्वेलरीचं फसवणुकीचं प्रकरण आठवा, जानेवारी 2025 मधलं. तिथेही दर आठवड्याला परतावा आणि माणूस आणला की बोनस, असंच होतं.

- रेफरल लिंक, कोड, कमाईचे स्क्रीनशॉट टाकू नयेत. खासगीतही नाही.
- अनियंत्रित (कुठल्याही नियामकाकडे नोंद नसलेल्या) ठेव योजनेत जाणूनबुजून खोटं सांगून किंवा खरी माहिती लपवून दुसऱ्याला ओढणं हा 2019 च्या कायद्याने गुन्हा आहे. मैत्रिणीला ‘नुसतं सांगितलं’ ही सबब चालणार नाही.
- कंपनीची ठेवी घेण्यासाठी नोंदणी आहे का, ते रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ पोर्टलवर बघता येतं.
- पैसे गेले असतील तर लाजू नका, लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यांत जाते.

रविवारी दुपारी 4 वाजता समाजमंदिरात यावर बैठक आहे. ज्यांनी लिंक पाठवल्या, त्यांनी त्याआधी समोरच्या बाईला स्वतः फोन करून थांबवावं. बैठकीत कुणाचंही नाव वाचलं जाणार नाही.

– सचिव