बोटीने गेलेल्यांच्या गाण्याला मुंबईत एक खोली द्या

प्रति,
माननीय सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : मुंबई बंदरातून परदेशी गेलेल्या माणसांच्या आठवणी आणि त्यांच्या समूहकला यांसाठी शहरात कायमची जागा मिळण्याबाबत

महोदय,

सप्रेम नमस्कार.

मी परळला राहतो आणि गेली ३१ वर्षे जाखडीच्या, म्हणजे कोकणातल्या फेर धरून होणाऱ्या नाचगाण्याच्या, एका मंडळात मृदंग वाजवतो. मंडळ रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका गावाचे आहे, पण त्याची तालीम गावात कधीच झाली नाही. गिरण्या चालू होत्या तेव्हा ती पाळ्या सांभाळून चाळीच्या गच्चीवर होत असे, आणि चाळ पडल्यापासून ती जिथे जागा मिळेल तिथे होते. या नाचाला मुंबईत ‘बाल्या नाच’ म्हणतात. कानात बाळी घालणाऱ्या कोकणी गड्याला शहरातले मालक ‘बाल्या’ म्हणत, त्यावरून हे नाव पडले असे आमचे जुने लोक सांगत. कोकणातून पोटासाठी आलेल्या माणसाला शहराने दिलेले नाव त्याच्या कलेलाही चिकटले, म्हणून मी आवर्जून जाखडीच म्हणतो.

गेल्या वर्षी श्रावणात, गणपतीला गावी जाण्यापूर्वीची तालीम चालू असताना, मॉरिशसहून आलेल्या एक बाई ओळखीच्या ओळखीने आमच्याकडे आल्या. वय साठीच्या पुढचे, मराठी तुटक, त्यात क्रिओल या तिकडच्या बोलभाषेची भर. आपले मूळ गाव शोधायला त्या मुंबईत आल्या होत्या. हाताशी होते फक्त एक आडनाव, आणि तेही खरे तर आडनाव नव्हते. त्यांच्या खापरपणजोबांचे पाळण्यातले नावच तिकडच्या कारकुनाने कुळाचे नाव म्हणून लिहून टाकले होते. गावाबद्दल आम्ही त्यांना काहीच सांगू शकलो नाही. मात्र शाहिराने गण धरला आणि फेर सुरू झाला तेव्हा त्या खुर्चीवरून उठल्या, शेवटच्या पोराच्या मागे उभ्या राहिल्या आणि तिसऱ्या आवर्तनाला त्यांचे पाऊल आमच्या पावलात बसले. ‘आमच्याकडे याला झाकरी म्हणतात,’ एवढेच त्या म्हणाल्या. नंतर चहा पिताना त्यांनी आजीकडून ऐकलेले गौरीचे एक गाणे म्हटले. मंडळातल्या आमच्या एका वहिनीने ते गुहागरकडच्या चालीवर पुढे नेले. आमच्या गाण्यात जिथे भाताची लावणी येते, तिथे त्यांच्या गाण्यात उसाची तोडणी होती.

हे पत्र त्या तालमीमुळे लिहितो आहे.

महोदय, आपणास हा इतिहास ठाऊक असेलच, तरी मागणीचा आधार म्हणून थोडक्यात सांगतो. ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी बंद झाल्यावर उसाच्या मळ्यांसाठी कराराने बांधलेले मजूर नेण्याची पद्धत १८३४ पासून मॉरिशसमध्ये सुरू झाली आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापर्यंत साडेचार लाखांहून अधिक हिंदी माणसे त्या बेटावर उतरली. बहुतेक कलकत्त्याहून आणि मद्रासहून गेली. मुंबई बंदरातून गेलेल्यांची संख्या त्या मानाने थोडी, पण आजच्या मॉरिशसमधील मराठी समाज मुख्यतः त्यांच्यातूनच उभा राहिला. पोर्ट लुईच्या धक्क्यावर ज्या सोळा पायऱ्या चढून हे लोक वर आले, त्या आप्रवासी घाटाला २००६ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. तिथल्या भोजपुरी स्त्रियांच्या गीत-गवईचा, म्हणजे लग्नातल्या गाण्या-नाचाचा, समावेश २०१६ मध्ये युनेस्कोच्याच अमूर्त वारशाच्या यादीत झाला. गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. म्हणजे उतरणाऱ्याची आठवण उतरण्याच्या जागी जपली गेली आहे. ज्या बंदरातून तो चढला तिथे, भाऊच्या धक्क्यापासून बॅलार्ड पिअरपर्यंत, मी अनेकदा फिरलो आहे. मला एक पाटीसुद्धा आढळलेली नाही.

मॉरिशसमधल्या मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत उतरलेल्या मजुरांच्या नोंदवह्या आहेत. त्यांत बोटीचे नाव, माणसाचे नाव, बापाचे नाव, वय, उंची, जात, अंगावरची खूण आणि गाव लिहिलेले असते. गाव लिहिलेले असते खरे, पण ते गोऱ्या किंवा क्रिओल कारकुनाच्या कानाला जसे ऐकू आले तसे. ‘शिरगाव’, ‘शिरगाळे’ आणि ‘शिरळ’ हे तिन्ही त्या लेखणीतून एकसारखेच उमटू शकतात. पोर्ट लुईत बसलेला अभ्यासक, तो कितीही हुशार असला तरी, हे कोडे एकट्याने सोडवू शकणार नाही. त्यासाठी संगमेश्वर, गुहागर, दापोली या भागांतल्या वाड्यावस्त्यांची नावे तोंडपाठ असलेला माणूस शेजारी बसला पाहिजे. अशी माणसे आमच्या मंडळांत आहेत. दुसऱ्या बाजूला, आपल्याच पुराभिलेख संचालनालयाकडे मुंबई सरकारच्या जनरल डिपार्टमेंटच्या खंडांत परदेशगमनाचे कागद आहेत. हे कागद डिजिटल स्वरूपात खुले व्हावेत, आणि त्यांचे वाचन करणाऱ्या गटात गावकी जाणणारे लोक मानधनावर घ्यावेत, ही माझी पहिली विनंती आहे. गावाचे नाव सापडले की त्या गावचे गाणे सापडते, असा माझा अनुभव नसला तरी अंदाज आहे. उलट दिशेने तर आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे, की गाणे आधी सापडले आणि त्यातल्या एका चालीवरून गुहागरची शक्यता पुढे आली.

मॉरिशसचे उदाहरण माझ्या हाताशी होते म्हणून आधी दिले, एवढेच. मस्जिद स्थानकाला ज्यावरून नाव पडले असे मानतात ते बेने इस्रायलींचे, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यूंचे, १७९६ मध्ये स्थापन झालेले प्रार्थनास्थळ आजही सॅम्युएल स्ट्रीटवर आहे. या समाजाने बायबलमधल्या कथांवर मराठीत कीर्तने केली, आणि १९४८ नंतर त्यातले बहुसंख्य लोक इस्रायलला गेले तेव्हा मलिद्याचा (गोड पोह्यांच्या नैवेद्याचा) विधी आणि मराठी बोलणे बरोबर घेऊन गेले. रत्नागिरी-रायगडच्या खाड्यांवरचे कोकणी मुसलमान बोटींवर खलाशी झाले. त्यांच्यातल्या काहींची वस्ती केपटाउनमध्ये रुजली आणि तिथे ती आजही ‘कोकणी’ म्हणूनच ओळखली जाते. साहेबांची मुले सांभाळत विलायतेला गेलेल्या आयांनी तर मागे लिहिलेले फारसे काही ठेवले नाही. आणि मुंबईने फक्त माणसे पाठवली असे नाही. गोव्याहून आलेल्या माणसांनी तियात्राचा, म्हणजे कोकणी भाषेतल्या गाण्यांच्या नाटकाचा, पहिला प्रयोग १८९२ मध्ये याच शहरात केला, तर फाळणीनंतर सिंधी कुटुंबे कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत उतरली आणि तिथे उल्हासनगर झाले. येणाऱ्याची आणि जाणाऱ्याची कला इथे एकाच धक्क्यावर भेटते. माझी मागणी मराठी माणसापासून सुरू होते कारण मी मराठी मंडळातला आहे. ती तिथे संपावी असे मला वाटत नाही.

शासनाने काहीच केले नाही, असे म्हणण्याचा अप्रामाणिकपणा मी करणार नाही. जानेवारी २०२३ मध्ये वरळीला विश्व मराठी संमेलन झाले, त्याच वर्षी एप्रिलमध्ये मॉरिशसमध्ये छत्रपती शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचे अनावरण झाले, ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आणि २०२५ मध्ये सार्वजनिक गणेशोत्सवाला राज्य महोत्सव घोषित करण्यात आले. प्रत्येक गोष्टीचा मला आनंद झाला. पण संमेलन तीन दिवसांत आवरते, आणि पुतळ्याला गाणे शिकवता येत नाही. परदेशस्थ मराठी माणूस म्हटला की आपल्या कागदपत्रांत तो अभियंता, डॉक्टर किंवा गुंतवणूकदार असतो. कराराने गेलेला मजूर, खलाशी, आया यांच्यासाठी रकानाच नाही. हे मी अलंकाराने म्हणत नाही. त्या बाई परत गेल्यानंतर आम्ही दोन्हीकडच्या जाखडीचा एक संयुक्त कार्यक्रम करावा म्हणून एका कार्यालयात अर्ज घेऊन गेलो, तेव्हा तेथील कर्मचाऱ्याने सौजन्याने विचारले, की हे लोककलेत बसवायचे की परदेशस्थ मराठी उद्योजकांच्या शीर्षात? अर्ज चार महिने दोन टेबलांच्या मध्ये राहिला. त्या कर्मचाऱ्याचा मला राग नाही. त्याच्यापुढचा छापील नमुनाच तसा होता.

इतरत्र काय झाले, तेही सांगतो. कोलकात्यात हुगळीकाठी खिदिरपूरजवळ, जिथून मजुरांच्या बोटी सुटत, तिथे २०११ मध्ये स्मारक झाले. लंडनच्या हॅकनी भागात ज्या घरात नोकरी सुटलेल्या आया परतीच्या बोटीची वाट पाहत राहत, त्या घरावर २०२२ मध्ये निळी पाटी लागली, आणि तिच्यामागे दक्षिण आशियाई वंशाच्या सामान्य नागरिकांची चिकाटी होती. अमृतसरच्या टाउन हॉलमध्ये २०१७ साली फाळणीचे संग्रहालय उघडले. तिथे लोकांनी घरातून आणून दिलेल्या साध्या वस्तूच प्रेक्षकाला थांबवतात. अमेरिकेत तिथल्या दक्षिण आशियाई लोकांनी २००८ मध्ये सुरू केलेला डिजिटल संग्रह घराघरांतली पत्रे, छायाचित्रे आणि ध्वनिफिती गोळा करतो, आणि मूळ वस्तू ज्याची त्याला परत देतो. मला या शेवटच्या रीतीचे विशेष वाटते. म्हातारीची पेटी सरकारी गोदामात जाणार नाही, याची खात्री असेल तरच ती पेटी उघडते.

म्हणून आम्हाला नवी इमारत नको, भूमिपूजन नको. बंदराच्या परिसरातील एखाद्या वापरात नसलेल्या जुन्या वास्तूचा तळमजला, किंवा प्रभादेवीच्या पु. ल. देशपांडे महाराष्ट्र कला अकादमीतील एक दालन, यांपैकी काहीही चालेल. अट एकच, की तिथे जमीन नाचता येण्याजोगी असावी. आठवड्यातले काही दिवस संध्याकाळी सात ते दहा ही खोली तालमीला मिळावी. जाखडी, नमन (कोकणातले लोकनाट्य), भजन, बेने इस्रायली कीर्तन, तियात्र, सिंधी लाडा (लग्नगीते), जे मंडळ मागेल त्याला ती नाममात्र शुल्कात द्यावी. दिवसा तिथे ध्वनिमुद्रण व्हावे. गाणाऱ्याच्या संमतीशिवाय एक ओळही बाहेर जाऊ नये, गाण्याचा हक्क गाणाऱ्याकडे आणि तिच्या समाजाकडे राहावा, आणि मुद्रणाच्या दिवसाचे मानधन त्याच दिवशी मिळावे. आमच्यातल्या गाणाऱ्या बायकांपैकी कित्येक जणी घरकाम करतात; त्यांचा एक दिवस म्हणजे एका दिवसाचा पगार असतो, आणि शाल-श्रीफळाने तो भरून निघत नाही.

देवाणघेवाणीबद्दलही एक सुचवावेसे वाटते. शिष्टमंडळात पदाधिकारी असतात. त्याऐवजी दरवर्षी तिकडची चार आणि इकडची चार गाणारी-नाचणारी माणसे महिनाभर एकमेकांकडे राहिली, तर खर्च कमी होईल आणि पदरात जास्त पडेल. झाकरीत आमच्याकडे विसरले गेलेले एखादे पाऊल टिकले असेल. आमच्याकडे शक्ती आणि तुरा या दोन पक्षांतले जे सवाल-जवाब उरले आहेत ते तिकडे ऐकायचे असतील. हे ठरवायला तज्ज्ञ समितीची गरज नाही, एक मृदंग आणि दोन झांजा पुरतात.

एवढ्या थोड्या लोकांसाठी एवढे कशाला, असा प्रश्न आपल्या विभागात कोणी विचारेल, आणि तो गैर नाही. जाखडीच्या तालमीला आज आमच्याकडे चौदा पोरे येतात, त्यातली पाच विरार-बदलापूरहून. दोन तासांचा प्रवास करून ती येतात आणि जागा नसल्यामुळे कधी उड्डाणपुलाखाली, कधी एखाद्या सोसायटीच्या वाहनतळात नाचून परत जातात. ती आहेत तोवर गाणे आहे. मॉरिशसच्या बाईंना गुहागरची चाल सांगणारी आमची वहिनी आता पंचाहत्तरीच्या पुढे आहे, आणि तिचे गाणे अजून कुठेही नोंदलेले नाही.

त्या बाई पुढच्या श्रावणात पुन्हा येणार आहेत. या वेळी त्यांच्याबरोबर त्यांची नात आणि झाकरीचे दोन वादक असतील. तालीम कुठे भरेल, असे त्यांनी पत्रातून विचारले आहे. आपल्या कार्यालयाकडून काही कळेपर्यंत मी त्यांना पत्ता कळवण्याचे थांबवले आहे. त्या संध्याकाळी आपणही यावे, ही मंडळाच्या वतीने विनंती.

आपला विश्वासू,
परळचा एक मृदंगवादक