सुबाभूळ उपटायला इतक्या लांब

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगायचं ठरवते आणि राहूनच जातं. बाबा "हां, बरी आहेस ना" म्हणतात आणि फोन आईच्या हातात देतात. ऐकू येत नाही हे निमित्त आहे, मला कळतं. निघताना म्हणाला होतात, "गवत उपटायला विमानानं जायचं? आपल्या रानात काय कमी उगवलंय?" ते अजून मिटलेलं नाही. म्हणून हे पत्र. आई, तू मोठ्यानं वाचून दाखव. मधलं गाळू नकोस.

तर बाबा, मी खरंच उपटतेय. पण गवत नाही, सुबाभूळ!

मॉरिशसच्या आग्नेय किनाऱ्याला माहेबूर गाव आहे. तिथून जवळच, होडीनं पाच-दहा मिनिटांवर, इल ओ एग्रेत हे बेट. सगळं मिळून 26 हेक्टर, म्हणजे आपल्या वाडीचं शिवार याहून मोठं असेल. जमीन म्हणजे नुसता प्रवाळाचा खडक, बुटाला भोकं पाडणारा, आणि त्याच्या फटींत मूठमूठ माती. मॉरिशसच्या किनाऱ्यावर पूर्वी जे कोरडं रान होतं त्याचा शेवटचा तुकडा इथं उरला आहे. त्यातलं मुख्य झाड आबनूस, आपल्या टेंभुर्णीच्या कुळातलं. लोकांनी जळणासाठी तोडलं, दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी तोफा बसवायला जागा केली, आणि मोकळ्या जागेत घुसली सुबाभूळ. 1965 साली बेट राखीव झालं, पुढं 1980च्या दशकात मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशन या संस्थेनं हातात घेतलं. तेव्हापासून माझ्यासारखे बिनपगारी येतात, उपटतात, आपापल्या घरी जातात.

पहिल्या दिवशी मला पानं ओळखता येतील का, म्हणून शिकवायला लागले. मी म्हटलं, राहू द्या. सुबाभळीची पानं मी चालायला शिकायच्या आधीपासून ओळखते. बाबांच्या खात्याच्या नर्सरीतल्या काळ्या पिशव्या, शेळ्या, आईची चूल, सगळं त्यावरच चाललं होतं. त्या दुष्काळी माळावर दुसरं काय इतक्या पटकन वाढलं असतं? ते मी इथं सांगितलंसुद्धा. कुणाला चूक काढायला नको.

पण हात लावल्यावर तिचा चिवटपणा कळतो. हातभर रोप असलं तरी मूळ खडकाच्या फटीत गेलेलं. ओढलं की वरचं हातात येतं, खालचं तिथंच, आणि पंधरा दिवसांत पुन्हा धुमारे. मग पहारीनं फट मोकळी करायची, बुंध्याशी धरायचं, हलवत हलवत काढायचं. दुपारपर्यंत दोघींचं मिळून एका चटईएवढं होतं. बाबा, तुम्ही असता तर हसला असता. शेंगा मात्र वाळून फुटायच्या आत उतरवायच्या, कारण बी मातीत वर्षानुवर्षं तसंच पडून राहतं.

कासवांचं सांगायचं राहिलं. इथली मूळची राक्षसी कासवं खलाशांनी खाऊन संपवली. आबनुसाचं फळ मोठं, ते गिळणारं कुणी उरलं नाही, फळं झाडाखालीच पडून कुजायची. म्हणून 2000 साली सेशेल्सच्या अल्डाब्रा बेटावरच्या जातीची कासवं आणून सोडली. परवा एक आमच्या डब्यांपाशी आलं, आणि जाताना वाटेत शेण टाकून गेलं. माझ्या जोडीदारणीनं काडीनं ते उकललं. आत चार बिया, स्वच्छ, चोखून टाकल्यासारख्या. कासवाच्या पोटातून गेलेलं बी जास्त चांगलं रुजतं, हे इथं तपासून पाहिलेलं आहे.

ते बघताना मला एकदम आपलं परसदार आठवलं. तुम्ही रात्री सुबाभळीच्या बियांवर गरम पाणी ओतायचात, आणि आई ओरडायची की माझं दुधाचं पातेलं घेतलं. मला वाटायचं बी शिजवताय. कवच मऊ करायचं असतं हे आत्ता, चाळिशीला आल्यावर कळलं.

ही जोडीदारीण इथलीच. खापरपणजोबा रत्नागिरीकडून उसाच्या मळ्यावर आले. गणपतीच्या सगळ्या आरत्या पाठ, पण "जेवलीस का" विचारलं की उत्तर क्रिओलमध्ये, म्हणजे इथल्या बोलीत. 2020च्या जुलैत वाकाशियो हे जहाज जवळच्या खडकांवर चढलं आणि ऑगस्टमध्ये त्यातून तेल गळायला लागलं. तेव्हा तिच्या घरचे सगळे रात्री जागून कापडी पिशव्यांत उसाचं पाचट भरत होते, पाण्यावर बांध घालायला. आपण तेच पाचट फडात पेटवून देतो.

गुलाबी कबुतरांना दाणे घालायची पाळी आठवड्यातून दोनदा येते. 1990च्या सुमारास ही रानात दहाएक उरली होती, आता शेकड्यांनी आहेत. पायातल्या रंगीत कड्यांवरून कोण कुठलं ते वहीत लिहायचं. दिसायला आपल्या पारव्यासारखीच मठ्ठ, तेवढा रंग सोडला तर. उंदीर 1991मध्ये संपवले, चिचुंदऱ्या काही संपत नाहीत. त्याही आपल्याकडच्याच, जहाजातून आलेल्या. आपल्या देशाची कीर्ती!

आई, गुडघ्याला तेल लावतेस ना? गच्चीवर वाळवणाला चढू नकोस, शेजारच्या काकूंना सांग. बाबांच्या बीपीच्या गोळ्या मागच्या खोलीतल्या डब्यात, निळ्या पट्टीच्या सकाळी. इथलं घड्याळ दीड तास मागं आहे, तेव्हा तुमच्या रात्री नवाला मी मोकळी असते.

आणि बाबा, या वेळी फोन लगेच आईकडे देऊ नका. बियांवर पाणी उकळतं ओतायचात की जरा निववून? मी म्हणते निववून, माझी जोडीदारीण म्हणते उकळतं. दोन समोस्यांची पैज लागली आहे.

तुमची,
धाकटी