गिरगावच्या काकांस, ग्रँड आयलंडहून

आदरणीय काकांस,
सा. न. वि. वि.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही लगेच विषय बदलता. म्हणून पत्र लिहितेय, आणि मुद्दाम चारचौघांना वाचता येईल असं लिहितेय. जुन्या गाडीत सॅटेलाइट रेडिओ बसवायच्या खटपटीत असलेलं कुणी मराठी माणूस हे वाचत असेल, तर तुमच्या कामातलं थोडं त्याच्याही उपयोगी पडेल.

वाचणाऱ्यांना एवढंच सांगते की मी फिजिओथेरपिस्ट आहे. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात, हायवे 2 वरून ब्रोकन बो, थेडफर्ड, मलन अशा लहान गावांतल्या दवाखान्यांत माझी फेरी असते. हा सगळा सँडहिल्सचा मुलूख, म्हणजे गवताने झाकलेल्या वाळूच्या टेकड्या. बाजूच्या रुळांवरून कोळशाच्या मालगाड्या जातात, डबे मोजायला घेतले तर मोजून संपत नाहीत. मोबाइलची रेंज कधी असते, कधी नसते. गाव मागे पडलं की एफएमची खरखर सुरू. अशा रस्त्यावर थेट उपग्रहावरून येणारा रेडिओ ही चैन नाही, सोबत आहे.

तो मी रीतसर पैसे मोजून एका दुकानातून बसवून घेतला होता. अँटेना डॅशबोर्डवर, काचेच्या आत. वायर काचेशेजारच्या खांबाच्या प्लास्टिकखाली खुपसलेली. जाताना आवाज सारखा तुटायचा, येताना मात्र झकास. दुकानदाराचं म्हणणं, हवामानामुळे होतं.

तेव्हा तुम्ही आणि काकू माझ्या शेजारी, तुमच्या मुलाकडे सहा महिन्यांसाठी आला होतात. लॅमिंग्टन रोडच्या दुकानात उभी हयात रेडिओ उघडण्यात गेलेला माणूस इथे दुपारभर खिडकीतून हिरवळ बघत बसायचा. मी सहज तक्रार केली आणि तुम्ही चहाचा कप खाली ठेवून एकच प्रश्न विचारलात, "जाताना तोंड कुठल्या दिशेला असतं?" वायव्येला, मी म्हटलं. "मग रेडिओला काही झालेलं नाही. त्याला मागचं दिसत नाहीये."

काका, दुकानात दोनदा गाडी नेऊनही हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. हे उपग्रह विषुववृत्ताच्या वर जवळपास 36,000 किलोमीटरवर आहेत, म्हणजे नेब्रास्कातून बघितलं तर दक्षिणेच्या आभाळात. वायव्येला निघाले की गाडीचं पत्र्याचं छप्पर अँटेनाच्या आणि त्यांच्या मधे येणार. परतताना तोंड आग्नेयेला, समोरच्या काचेतून सगळं मोकळं. तुम्हाला हे कागद-पेन्सिल न घेता सुचलं, कारण गिरगावातल्या खिडक्यांना वर्ल्डस्पेस या सॅटेलाइट रेडिओ सेवेच्या चपट्या अँटेना तुम्ही बसवल्या होत्यात. त्यांचा एशियास्टार उपग्रह 105 अंश पूर्व रेखांशावर, म्हणून पूर्व-आग्नेयेची खिडकी असलेल्या बिऱ्हाडात शास्त्रीय संगीताची 'गंधर्व' वाहिनी लागायची आणि समोरच्या बिऱ्हाडात लागायची नाही. त्यावरून झालेली भांडणं तुम्ही साभिनय करून दाखवलीत. 2009 च्या 31 डिसेंबरला ती सेवा भारतात बंद पडली तेव्हा लोक रिसीव्हर घेऊन तुमच्या दुकानात आले होते, जसं काही तुम्ही ते परत चालू करणार होतात.

गाडीत मात्र तुम्ही असा रेडिओ कधी बसवला नव्हता. मुंबईच्या रस्त्यांवर तो चाललाही नसता. इमारतींच्या सावलीत उपग्रह दिसत नाही, आणि तिथे जमिनीवर पुनर्प्रक्षेपणाचे खांब नव्हते. अमेरिकेत मोठ्या शहरांत ते उभारले आहेत. शिवाय एकाच कार्यक्रमाचे दोन प्रवाह दोन उपग्रहांवरून येतात, त्यातला एक काही सेकंद मागे. पुलाखालून जाताना एक हुकला तर दुसऱ्यातून भरून निघतो. हे मी तुम्हाला वाचून दाखवलं तेव्हा तुम्ही "वा!" म्हणालात. अगदी गाण्याला देतात तशी दाद. इथल्या सॅटेलाइट रेडिओच्या दोन कंपन्यांपैकी एक्सएमची सेवा 2001 साली सुरू झाली, सिरियसची त्याच्या पुढच्या वर्षी, आणि 2008 मध्ये दोन्ही एक झाल्या. पण या इतिहासात तुम्हाला काडीचा रस नव्हता. तुम्हाला गाडी बघायची होती.

आणि गाडीत तुमची नजर आधी गेली ती त्या खांबावरच्या बारीक अक्षरांवर. चष्मा वर करून तुम्ही मला ती वाचायला लावलीत. 'एअरबॅग'. त्या प्लास्टिकच्या आत बाजूची पडदा-एअरबॅग घडी करून ठेवलेली असते, आणि दुकानदाराने वायर नेमकी तिच्यावरून नेली होती. रेडिओचं राहू दे, आधी ही वायर निघाली पाहिजे, असं तुम्ही म्हणालात. अपघातात ती पिशवी डोळ्याचं पातं लवायच्या आत बाहेर येते, वाटेत काही आलं तर ती नीट उघडणार नाही किंवा ती वस्तूच अंगावर येईल. इतक्या महिन्यांत इतके मैल मी ती वायर डोक्याशेजारी घेऊन फिरत होते. आभार मानायचे तर काका, मला पहिले या गोष्टीचे मानायचे आहेत. आवाज नंतर.

पुढचं काम मी टॉर्च धरून बघितलं. आधी छप्पर पुसून कोरडं केलंत, म्हणजे चुंबकाखाली माती राहून रंग खरवडायला नको. अँटेना मागच्या बाजूला मधोमध, कडेपासून आत, कारण तिला भोवती पत्रा लागतो. तिचा अर्धा जीव त्या पत्र्यात असतो, असं तुम्ही म्हणालात. वायर लगेच लपवली नाही. उघड्यावर तशीच लोंबती ठेवून, इंजिन चालू करून, मला घराभोवती चारी दिशांना गाडी फिरवायला लावलीत आणि स्वतः मागच्या सीटवर बसून सिग्नलच्या पट्ट्या बघत राहिलात. मग वायर डिकीच्या रबराखालून आत. आत घेण्याआधी बाहेर थोडी सैल, खाली झोक दिलेली, म्हणजे पावसाचं पाणी त्या झोकावरून ठिबकेल, डिकीत उतरणार नाही. तिथून मागच्या सीटखालून, दाराच्या उंबऱ्याच्या पट्टीखालून डॅशबोर्डपर्यंत. पट्ट्या उचकायला स्क्रू-ड्रायव्हर नाही, काकूंचं प्लास्टिकचं उलथनं. ओरखडा म्हणून नाही कुठे. उरलेली वायर मी कापूया म्हटलं तर असे बघितलंत माझ्याकडे! सैल वेटोळं करून, कापडी टेप लावून सीटखाली बांधून टाकलीत. साधी चिकटपट्टी उन्हाळ्यात पाझरते, म्हणून कापडी.

एवढं झाल्यावर आवाजात एक बारीक शिट्टी यायला लागली. ॲक्सिलरेटर दाबला की शिट्टी वर चढायची. दुसऱ्या कुणी 'चालतंय की' म्हणून सोडून दिलं असतं. तुम्ही चार्जरची पिन काढलीत, शिट्टी गेली. ऑक्सची, म्हणजे रेडिओचा आवाज गाडीच्या स्टिरिओकडे नेणाऱ्या वायरीची, पिन काढलीत, तरी गेली. दोन्ही लावल्या की हजर. अर्थिंग दोन वाटांनी जातंय, असं निदान झालं, आणि ऑक्सच्या वायरीत मधे एक लहानसा आयसोलेटर बसला, आवाज जाऊ देणारा पण अर्थिंगची ती वाट तोडणारा. वायरीऐवजी हा आवाज गाडीच्या एफएमवर पकडून ऐकायचा पर्याय होता, पण गावागावाला रिकामी जागा शोधत बसावं लागलं असतं, आणि आवाजही तितका स्वच्छ नाही. जाता जाता तुम्ही हेही तपासलंत की किल्ली काढल्यावर चार्जरचा सॉकेट बंद होतो. नाहीतर थंडीत एके सकाळी बॅटरी उतरलेली मिळाली असती.

आता वाजतं कसं? वायव्येला, आग्नेयेला, कुठेही. सकाळी बीबीसी, परतताना 'रेडिओ क्लासिक्स', म्हणजे इकडच्या जुन्या श्रुतिका. दार करकरतं, पावलं वाजतात, बाई किंचाळते, आणि मी एकटीच हसत गाडी चालवते. ओला बर्फ अँटेनावर साचला तर आवाज जरा अडखळतो, मग थांबून हाताने झटकते. तेवढाच काय तो हवामानाचा दोष.

तुम्ही पैसे घेतले नाहीत, आणि मुलाने आणलेली मिठाईसुद्धा मलाच दिलीत. ते मी तेव्हा निमूट घेतलं. पण गावातले दोघेजण आता माझ्या गाडीचं काम बघून गेलेत आणि 'कुणी केलं' म्हणून विचारतात. मी सांगते, मुंबईचे काका होते, परत गेले. त्यांचा चेहरा पडतो.

त्यातल्या एकाचं काम मात्र मी अंगावर घेतलंय, तुमच्या भरवशावर. त्याचा पिकअप ट्रक ॲल्युमिनियमच्या बॉडीचा आहे, चुंबक धरतच नाही. पत्र्याचं काम ॲल्युमिनियम करेल, पण अँटेना टिकवायची कशी? चिकटवायची म्हटलं तर इथे थंडीत पारा उणे वीसपर्यंत जातो, गोंद सुटेल की नाही सांगता येत नाही. छताला भोक पाडू द्यायला तो तयार नाही. काय करावं ते कळवा. रविवारी तुमच्या सकाळी फोन करते, तोवर त्याला हात लावत नाही.

काकूंना नमस्कार.

आपली,
शेजारची फिजिओ