पल्स गेटच्या आधीचा एक किलोमीटर

दादर, मुंबई

चि. मृण्मयीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पहाटे साडेचारला महालक्ष्मीच्या तबेल्याकडे निघतेस आणि मी रात्री उशिराच्या लोकलने घरी येते. एका घरात राहून आपली गाठ पडते ती रविवारी. तू ४० किलोमीटरच्या एन्ड्युरन्स राइडचा, म्हणजे लांब पल्ल्याच्या घोडदौडीचा, फॉर्म भरलास, हेसुद्धा फ्रिजवरच्या चिठ्ठीवरून कळलं. म्हणून हे पत्र डब्याखाली ठेवतेय. घोड्याची निगा राखणाऱ्या सईसकाकांनाही वाचून दाखव, निम्मं काम त्यांचं आहे.

तुफान रेसमधून निवृत्त झालेला थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या जातीचा घोडा आहे, हे आधी लक्षात घे. इंडियन डर्बी २,४०० मीटरची असते, सुमारे अडीच मिनिटांत निकाल. घोळक्यात घोडे सुटले की या जातीला एकच अर्थ कळतो. तेव्हा स्टार्टला पुढे उभी राहू नकोस. बाकीचे दिसेनासे झाले की चालतच निघ. घड्याळ सुरू झालेलं असेल, पाच मिनिटं जातील, जाऊ देत. पहिले पाच किलोमीटर लगाम ओढत त्याच्याशी भांडलीस तर त्याची मान-पाठ आखडेल आणि त्याची किंमत तिसाव्या किलोमीटरला मोजावी लागेल.

वेग ताशी १२ किलोमीटर धर. २० किलोमीटरची एक फेरी म्हणजे १ तास ४० मिनिटं. बहुतेक वेळ ट्रॉट (दुडकी), चढावर आणि खडकाळ उतारावर चाल. ट्रॉटमध्ये दर दहा मिनिटांनी डायगोनल (ज्या तिरक्या पायांच्या जोडीवर तू बसतेस ती) बदल, नाहीतर पायांची एकच तिरकी जोडी आणि पाठ तुझं वजन झेलत राहतात.

आता खरी गोष्ट. फेरी संपली की पल्स गेट, म्हणजे घोड्याची नाडी तपासण्याची जागा. ठोके बहुतेक ठिकाणी ६४ किंवा त्याखाली यावे लागतात. तुमच्या पत्रकात वेगळा आकडा असेल तर तोच धर आणि वेळमर्यादा पाठ कर. मधल्या गेटवर तुझी वेळ थांबते ती नाडी पास झाल्यावर, रेषा ओलांडल्यावर नाही. हिशेब करून बघ: शेवटचे दोन किलोमीटर ताशी २० ने पळवलेस तर १२ च्या वेगापेक्षा चार मिनिटं वाचतात. पण नाडी तीन मिनिटांऐवजी बारा मिनिटांनी उतरली तर नऊ गेली. म्हणून शेवटच्या किलोमीटरला उतर, तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) एक-दोन भोकं सैल कर आणि त्याच्याबरोबर चालत ये. अंतिम फेरीत वेळ बहुधा फिनिश लाइनला थांबते, पण नंतरच्या तपासणीत लंगडला तर पहिला आलेलाही बाद होतो.

नाडी मोजायला आजपासून शीक. स्टेथोस्कोप डाव्या कोपराच्या मागे लावायचा, १५ सेकंद मोजून चारने गुणायचं. १६ म्हणजे ६४. तबेल्यात उभ्या घोड्याचे ठोके साधारण २८ ते ४४ असतात. तुफानचा रोजचा आकडा वहीत लिहून ठेव. डॉक्टर एक चाचणी घेतात: नाडी मोजून सुमारे ३८ मीटर ट्रॉटने नेऊन परत आणतात आणि ट्रॉट सुरू केल्यापासून एक मिनिटाने पुन्हा मोजतात. चार किंवा जास्त ठोके वाढले तर घोडा थकलाय किंवा कुठेतरी दुखतंय. ६० ठोक्यांना पास झालेला घोडाही इथे उघडा पडतो. तिथे डॉक्टर ‘बस’ म्हणाले तर वाद घालू नकोस.

गेटवर पाणी ओतत राहायचं, सगळ्या अंगावर, थांबायचं नाही. गार पाण्याने स्नायू धरतात ही तबेल्यातली जुनी भीती आहे. काकांना प्रेमाने समजाव. आपल्या दमट हवेत घाम वाळतच नाही, म्हणून अंग आपोआप थंड होत नाही. तापमान फॅरनहाइटमध्ये घे, त्यात आर्द्रतेची टक्केवारी मिळव. बेरीज १५० च्या वर गेली तर वेग कमी, १८० ला घोडा बाहेरच काढायचा नाही. मुंबईत ९० अंश आणि ७५ टक्के म्हणजे १६५, हे सरावालाही लागू.

पाण्याचं कोडं असं की घोड्याच्या घामातून मीठही भरपूर जातं. त्यामुळे रक्त खारट होत नाही आणि कोरडा पडत चाललेल्या घोड्यालाही तहान लागत नाही. दर पाणवठ्यावर थांब, डोकं मोकळं सोड. मीठ दोन भाग आणि पोटॅशियम क्लोराइड एक भाग, असं साधारण ३० ग्रॅम, पण तो पाणी प्यायल्यावरच. न प्यायलेल्या घोड्याला मीठ देणं म्हणजे उरलंसुरलं पाणी आतड्यात ओढणं. बरगड्यांमागे ठोक्याच्या तालात उचक्यांसारखे झटके दिसले, किंवा मागचा भाग दगडासारखा कडक झाला, तर तिथेच थांब. एक पाऊलही नको.

आदल्या रात्री सुकं गवत हवं तेवढं, पण ओट्सचं मोठं खाणं सुटण्याआधी चार तासांत नको. नवी नाल त्याच आठवड्यात नको, नवा तंग तर अजिबात नको. काखेत सोललं की खेळ संपला.

तयारीबद्दल एवढंच: हृदय आणि स्नायू दोन-तीन महिन्यांत तयार होतात, टेंडन (स्नायू हाडाला जोडणारे दोर) आणि सांधे सहा महिन्यांहून जास्त घेतात. घोडा ताजातवाना दिसतो आणि नेमका तेव्हाच पाय जातो. किनाऱ्यावरच्या कोरड्या वाळूत पळवू नकोस. आणि मुंबईत सरावाला चढ-उतार मिळत नाही, त्यामुळे उतार उतरण्याची सवय त्याला घाटाजवळ जाऊन वेगळी लावावी लागेल.

ट्रकमध्ये डोकं वर बांधून तासन्‌तास ठेवलं तर छातीत कफ साठतो; दर काही तासांनी डोकं खाली करू द्या. ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाच्या तपासणीचा रिपोर्ट आधीच मागव, नमुना हिसारच्या प्रयोगशाळेत जाऊन यायला दिवस लागतात.

जुना स्टेथोस्कोप कपाटातून काढून ठेवलाय. रविवारी तबेल्यात मीही येते.

तुझी,
आई