सर, पेव्हर ब्लॉक बसवू दिले नाहीत म्हणून

आदरणीय सर,
सा. न.

पत्र बंद पाकिटातून पाठवता आलं असतं. पण तुम्ही मला अडवलंत ते भर ग्रामसभेत, तेव्हा आभारही चारचौघांतच मानते.

२६ जानेवारी २०२५ ची ती सभा. आदल्याच रविवारी, १९ तारखेला, दिल्लीत पहिल्यावहिल्या खो-खो विश्वचषकाची फायनल झाली होती. आपल्या मुलींनी नेपाळला ७८-४० असं हरवलं, मुलांनीही नेपाळलाच ५४-३६. प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर, दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. मी माइक हातात घेऊन दहा मिनिटं त्यावरच बोलले. आपल्या मातीतला खेळ, मराठी पोरं, छाती अभिमानानं फुगली वगैरे. टाळ्या चांगल्या पडल्या. मग त्याच दमात पुढचा विषय वाचला: शाळेच्या मैदानावर पेव्हर ब्लॉक बसवणे व ओपन जिम उभारणे.

तुम्ही मागच्या रांगेतून उठलात. शाळेत मला कायम ‘पोरी’ म्हणणारे तुम्ही, त्या दिवशी म्हणालात, “सरपंच मॅडम, टाळ्या झाल्या. आता पेव्हर ब्लॉकवर सूर कोण मारणार, तेवढं सांगा.”

खरं सांगते, राग आला होता. पेव्हर ब्लॉकचा फोटो छान येतो, उद्घाटनाला पाहुणे बोलावता येतात, कोनशिला बसते. तांबड्या मातीचं उद्घाटन कोण करतं? कुणीतरी म्हणालंही, “हल्ली सगळं मॅटवर असतं, सर.” तुम्ही म्हणालात, “मॅट येईल तेव्हा येऊ दे. तोवर पोरींनी गुडघे कशावर फोडायचे?” बायका हसल्या आणि माझा ठराव तिथंच पडला.

पुढचे दोन महिने मी तुम्हाला रोज मैदानावर पाहिलं. वरचा मुरूम खरवडून काढला, माती चाळणीतून चाळून घेतली, पाणी मारून रोलर फिरवला, आणि तरी तुमचं समाधान नाही. सकाळी अनवाणी चालून बघायचात. पायाला खडा लागला की वाकून उचलायचात आणि खिशात टाकायचात. (काकू म्हणाल्या, धुण्यात रोज खडे निघायचे.) खो-खोचं मैदान २७ बाय १६ मीटर दोरीनं मापून खुंट्या ठोकल्या, फक्की मारली. खांब सुताराकडून आले तेव्हा मला ते गुळगुळीत वाटले होते. तुम्ही तळहात फिरवलात, मान हलवलीत आणि स्वतः पॉलिश पेपर घेऊन बसलात. शाळेत असताना खांबावरून वळताना माझ्या हातात कूस गेली होती, ती तुम्हीच सुईनं काढली होती. तुम्ही विसरला असाल.

आता थोडा कामांचा हिशेब, कारण तुम्ही विचारणारच. वित्त आयोगाचा बंधित निधी पाणी आणि स्वच्छतेलाच लावावा लागतो. अबंधितातले, म्हणजे गावाच्या गरजेप्रमाणे वापरता येणाऱ्या निधीतले, पेव्हर ब्लॉकचे जे पैसे वाचले, त्यातून शाळेच्या दोन खोल्यांची गळती काढली. यंदा पावसात पहिलीची मुलं व्हरांड्यात बसली नाहीत. नळ दोन्ही वाड्यांत पोचले, पण वरच्या वाडीला दाब पुरत नाही. सकाळी अर्धा तास बारीक धार येते, मग नुसती हवा. तिकडचा रस्ता खडीकरणावरच अडलाय, डांबराचा कागद तालुक्याला फिरतोय. ओपन जिम झालेली नाही, आणि आजवर एकानंही विचारलेलं नाही.

दर १५ जानेवारीला, खाशाबा जाधवांच्या जयंतीला, तुम्ही शाळेत एकच गोष्ट सांगता. १९५२ ला कुस्तीसाठी हेलसिंकी ऑलिंपिकला जायला पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकून ७ हजार रुपये उभे केले. आणि मग तुमचं ठरलेलं वाक्य: “पदकाचा फोटो सगळे लावतात, गहाणखताचा कोण लावतो?” लहानपणी हे वाक्य डोक्यावरून जायचं. सरपंच झाल्यावर, विजयाच्या पोस्टरवर स्वतःचा फोटो केवढा छापायचा हे ठरवताना, एकदम आठवलं. पोस्टर छापलंच नाही.

परवा संध्याकाळी मैदानावरून येत होते. सहावीतली एक पोर सूर मारून पडली, छातीपर्यंत लाल झाली, उठली आणि आधी गडी बाद झाला का ते विचारलं. लागलं का, हे तिला कुणी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही.

एक काम राहिलंय. शाळेच्या बाजूचा खांब पावसानं जरा हलायला लागलाय. शनिवारी सकाळी पोरी यायच्या आत बघून जाल का? चहा ग्रामपंचायतीत नको, घरीच या. आई वाट बघतेय.

आपली विद्यार्थिनी,
(सध्या) सरपंच